चाकांवरच्या घरांतील ऊब

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनींचें पत्र आलें. पत्र संगमनेरकडचें आहे, घर एकत्र कुटुंबाचें आहे, आणि प्रश्न वरकरणी करमणुकीचा दिसला तरी तसा तो नाहीं. त्यांच्या घरीं नाताळच्या सुटींत भंडारदऱ्यास जाण्याचा बेत ठरला आहे. उतरण्यास विश्रामगृह नाहीं कीं खानावळ नाहीं. भाड्यानें मिळणारें मोटारघर न्यावयाचें, तलावाच्या बाजूस कोठेंतरी तें उभें करावयाचें आणि तीन रात्री त्यांतच काढावयाच्या. बरोबर सासूबाई आहेत, त्यांचें वय पंचाहत्तर. पांच वर्षांचा मुलगा आहे. यजमान आणि धाकटे दीर धरून माणसें पांच. जेथें गाडी उभी राहावयाची तेथें विजेची जोडणी नाहीं. धाकटे दीर म्हणतात, कोळशाची शेगडी आंत ठेवूं, दारें-खिडक्या लावून घेऊं, फारसें पैशाचें काम नाहीं. यजमान म्हणतात, रात्रभर इंजिन चालूं ठेवावें. सासूबाई म्हणतात, मला दोन घोंगड्या द्या आणि तुम्हांला काय वाटेल तें करा. भगिनी विचारतात कीं, तिघांपैकीं बरोबर कोण?

उत्तर आरंभींच देऊन टाकतों. कारण कोणी अर्धाच लेख वाचून अंक खालीं ठेविला, तर निदान एवढें तरी त्याच्या ध्यानांत राहावें. सासूबाई बरोबर आहेत. यजमानांचा मार्ग खर्चाचा आहे, आणि अगदीं निर्धोकही नाहीं. धाकट्या दिरांची सूचना मात्र प्राणघातक आहे. ती अंमलांत आली तर त्या पांच माणसांपैकीं सकाळीं कोण उठेल आणि कोण उठणार नाहीं हें सांगतां यावयाचें नाहीं. भगिनींनीं हा लेख दिरांस प्रथम वाचावयास द्यावा.

आतां सविस्तर विचार करूं. मोटारघर ही वस्तु आपल्याकडे नवी आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या प्रवासाविषयीं, म्हणजे कॅरव्हॅन पर्यटनाविषयीं, आपलें धोरण ठरविलें, आणि तेव्हांपासून हें नांव सुशिक्षित घरांत अधिक ऐकूं येऊं लागलें. आंत निजावयास फळ्या, लहानशी चूल, पाण्याची टांकी, एखादा पंखा आणि दिवे. हें सर्व एका पत्र्याच्या पेटींत बसविलेलें. परंतु चालतें घर ही कल्पना मात्र नगर जिल्ह्यास (आतां २०२४ पासून तो अहिल्यानगर जिल्हा झाला आहे) मुळींच नवी नाहीं. पारनेर तालुक्यांत ढवळपुरीच्या बाजूस जे धनगर राहतात, त्यांचीं बिऱ्हाडें दिवाळीनंतर घोड्यांवर चढतात आणि मेंढरांच्या मागोमाग घाट उतरून कोंकणाकडे जातात. पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. पाथर्डी, शेवगांव, जामखेड या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यांतून ऊंसतोडणीचे मजूर कारखान्यांच्या हंगामांत बैलगाडींत किंवा ट्रॅक्टरांत संसार घालून निघतात. प्रवरानगरास १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढें जिल्ह्यांत असे कारखाने वाढत गेले आणि तसतशी ही हंगामी वाटचालही वाढली. या दोन्ही वर्गांना विजेची जोडणी म्हणजे काय हें रात्रीच्या मुक्कामाला ठाऊक नसतें. तरीही ते पौष-माघाच्या रात्री उघड्या रानांत काढतात. आपण तीन रात्रींसाठीं ज्या प्रश्नाचा बाऊ करतों, त्याचें उत्तर त्यांना दरसाल पांच-सहा महिने द्यावें लागतें. तेव्हां यंत्रांच्या जाहिराती चाळण्यापूर्वीं त्यांजकडे पाहणें बरें.

धनगराच्या मुक्कामास वाडा म्हणतात. शेतकऱ्याच्या रिकाम्या वावरांत वाघरीचें जाळें लावून मेंढरें कोंडतात; शेताला खत मिळतें आणि धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. अशा मुक्कामाची जागा निवडण्यांत जें शहाणपण असतें, तें मोटारघरवाल्यास फुकट उचलतां येण्यासारखें आहे. नवखा मनुष्य तलावाकांठची सपाट, सुरेख जागा पाहून तेथें गाडी उभी करतो. परंतु निरभ्र रात्रीं जमीन आपली ऊब आकाशाकडे टाकून देते, तिला लागून असलेली हवा गार होते, गार हवा जड असते, आणि ती उतारावरून पाण्यासारखी वाहत जाऊन खोलगट भागांत सांचते. म्हणून डोंगराच्या पायथ्याशीं, दरीच्या तळाशीं आणि तलावाच्या खोलगट कांठाला थंडी अधिक झोंबते. शिवाय पाण्यावरून उठणारें धुकें पहांटे अंथरुणें ओलसर करतें. थोड्या चढावर, वाऱ्याकडे एखादा बांध किंवा झाडोरा पाठीशीं घेऊन गाडी उभी केली, तर एक पैसाही न खर्चतां थर्मामीटरचे दोन-तीन अंश पदरांत पडतात. डोक्यावर दाट झाड असेल तर आकाशाकडे जाणारी ऊब तें कांहीं अंशीं अडवितें. दार आणि मोठी खिडकी पूर्वेकडे असूं द्यावी. भंडारदऱ्याला सभोंवार डोंगर असल्यामुळें ऊन खालीं उतरण्यास वेळ लागतो, आणि थंडीच्या दिवसांत त्या पहिल्या किरणाची किंमत कळते. कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच, राज्यांत सर्वांत उंच. त्याच्या परिसरांतील रात्र आपल्या घराच्या गच्चीवरील रात्रीसारखी असेल असें धरून चालूं नये. जिल्ह्यांत थंडीची लाट आली म्हणजे सपाटीवरही पारा दहा अंशांच्या खालीं जातो.

जाळ करून शेकत बसण्याचा मोह होईल. पण तेथील बराच मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, आणि अभयारण्यास धोका पोहोंचेल असा विस्तव पेटविण्यास कायद्यानें मनाई आहे. जेथें जाळ करण्याची रीतसर सोय असेल तेथेंच तो करावा, गाडीपासून दूर करावा, आणि निजण्यापूर्वीं पाणी ओतून विझवावा. धनगर जाळ करतो तो उघड्यावर, तीन दगडांच्या मध्यें; आणि निजतो तो घोंगडीवर. स्वयंपाकाची जागा वेगळी आणि उबेची वेगळी, हा त्याचा विवेक आपण नीट ध्यानांत घ्यावा.

सासूबाईंनीं दोन घोंगड्या मागितल्या, एक मागितली नाहीं, यांत वृद्धपणाचा हट्ट नाहीं. एक खालीं आणि एक वर. आपण नेहमीं वरच्या पांघरुणाची चिंता करतों आणि खालच्या अंथरुणाकडे दुर्लक्ष करतों. वास्तविक कापसाची गादी अंगाच्या भारानें दबते, तिच्यांतील हवा निघून जाते, आणि ऊब धरून ठेवणारी वस्तु कापूस नसून त्यांत अडकलेली हवाच असल्यामुळें दबलेली गादी बरीचशी निकामी होते. त्यांतून मोटारघरांत निजण्याच्या फळीखालीं सामानाची पोकळ जागा असते, तिच्याखालीं पत्रा, आणि पत्र्याखालीं रात्रीचा वारा. म्हणजे अंगाची ऊब वरून जितकी जाते त्याहून खालून अधिक जाण्याचा संभव. दख्खनी मेंढीची लोंकर राठ असते, कांहींशी टोंचते. पण राठपणामुळेंच ती दबत नाहीं. तिच्यांत ओल शिरली तरी ती सहज गार पडत नाहीं. लोंकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकें बाष्प शोषून घेऊनही हाताला कोरडी लागते. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळें नवी असतां ती ताठ असते आणि दंवाचें पाणी तिच्यावरून ओघळून जातें. नाजूक अंगास ती टोंचूं नये म्हणून वर एखादें जुनें धुवट लुगडें किंवा चादर घालावी. हल्लीं डोंगर चढणारे तरुण फेसाच्या बंद छिद्रांच्या गुंडाळ्या नेतात. त्याही खालीं घालण्यास उत्तम, वजनास हलक्या आणि फारशा महाग नाहींत. घोंगडी नसेल तर त्या घ्याव्या. दोन्ही असल्यास विचारूंच नये.

ऊंसतोडणीच्या कोपींत हीच गोष्ट पाचटानें साधतात. जमिनीवर पाचटाचा जाड थर, त्यावर गोधडी. कोपी बांबूच्या तट्ट्यांची. वारा आंत शिरतोच, परंतु भुईचा गारवा पाचट अडवितें. पहांटे तीन-चारला त्या बायका तोडीस निघतात आणि लहान मुलें मागें कोपींत राहतात. आपल्या घरांतील साखर त्या फडांतून येते. तेव्हां भंडारदऱ्यास जातां-येतां रस्त्याच्या कडेला कोपींची वस्ती दिसली, तर मोटारघराच्या कांचेंतून तिचीं छायाचित्रें घेण्यापेक्षां घरांतील न वापरलीं जाणारीं पांघरुणें बरोबर न्यावीं आणि तेथें विचारून द्यावीं. हें विषयांतर झालें खरें. पण थंडीवर लिहितांना तें टाळणें मला योग्य वाटलें नाहीं.

आतां थोडें गणित. आयुष्यभर मुलांकडून करून घेतलें, तें येथें आपण मिळून करूं. निजलेला प्रौढ मनुष्य सुमारें सत्तर ते ऐंशी वॅट उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. मुलाचें थोडें कमी धरलें तरी पांच माणसांची मिळून साडेतीनशे वॅटांची एक शेगडी त्या गाडींत रात्रभर पेटलेली असते, आणि तिला इंधन म्हणून फक्त रात्रीचें जेवण लागतें. प्रश्न एवढाच कीं, ही ऊब पत्र्यांतून आणि कांचांतून पळून जाते ती कशी अडवावयाची. सर्वांत मोठी गळती पुढच्या कांचेची. चालकाची बैठक आणि निजण्याची जागा यांच्या मध्यें जाड पडदा किंवा जुनी गोधडी टांगली, म्हणजे गाडीचा निम्मा गारवा पलीकडे राहतो. बाकीच्या खिडक्यांना चंदेरी अस्तराच्या फेसाचे तुकडे मापानें कापून आंतून घट्ट बसवावे. कागदावर खिडकीचा आकार उतरून घेतला कीं कात्रीनें पांच मिनिटांचें काम. भाड्याची गाडी असली तर मालकास विचारून आदल्या दिवशीं मापें घेऊन यावें. छपराचा पत्रा उघडा असेल तर त्यालाही कांहीं लावावें, कारण ऊन हवा वर जाते आणि तेथेंच निवते.

विजेचें गणित याहून बोधप्रद आहे. गाडींतील दिव्यांसाठीं जी बॅटरी असते ती सामान्यतः १२ व्होल्टची. ती १०० अँपिअर-तासांची धरली तर तिच्यांत १२०० वॅट-तास वीज असते. शिशाची बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी केली तर ती लौकर खराब होते. म्हणजे हातीं ६०० वॅट-तास. घरांतील खोली ऊन करण्याचा हीटर १५०० वॅटचा असतो. तो या विजेवर किती वेळ चालेल? चोवीस मिनिटें, आणि मधल्या यंत्रांत जें वाया जातें तें वजा केल्यास त्याहूनही कमी. नऊ वाजतां लावला तर साडेनऊला अंधार आणि थंडी दोन्ही. उलट, अंथरुणाखालीं घालण्याची विजेची ऊबदार चटई ६० वॅटची मिळते. तीच ६०० वॅट-तास वीज तिला दहा तास पुरते. सबंध खोली तापविणें आणि अंथरूण तापविणें यांतील अंतर हें असें आहे. पण या चटईचीही आवश्यकता मला वाटत नाहीं, कारण पुढचा उपाय तिच्याहून स्वस्त आहे.

तो उपाय म्हणजे गरम पाण्याची रबरी पिशवी. प्रत्येक सुशिक्षित घरांत ती असते, बहुधा पोटदुखीसाठीं कपाटांत पडलेली. दीड लिटर पाणी वीस अंशांवरून ऐंशी अंशांपर्यंत तापविण्यास नव्वद किलोकॅलरी उष्णता लागते. पांच पिशव्यांना साडेचारशे. गॅसच्या चुलीची निम्मी उष्णता वाया जाते असें धरलें, तरी पांचही पिशव्या भरण्यास ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम गॅस पुरे होतो. पांच किलोच्या लहान नळकांड्यांत अशा साठांच्या आसपास रात्री निघतील! निजण्यापूर्वीं अर्धा तास पिशवी अंथरुणांत मध्यभागीं ठेवावी, निजतांना पायांकडे सरकवावी. पाणी उकळतें भरूं नये. त्यानें रबर लौकर जातें आणि बूच सैल असल्यास अंग भाजतें. पिशवीला जाड कापडाची खोळ शिवावी. सासूबाईंस मधुमेह असेल तर पिशवी पायांस टेकूं देऊं नये. अशा पायांची संवेदना मंद झालेली असते आणि भाजलेलें त्यांना सकाळपर्यंत कळत नाहीं. त्यांच्या अंथरुणांतून निजतांना ती काढूनच घ्यावी. मुलाच्याही बाबतींत तेंच. दोघांची अंथरुणें ऊन झाल्यावर पिशवीचें काम संपलें. पुढची ऊब घोंगडी सांभाळते.

पाणी तापवावयाचें तें जेवण झाल्यावर, सर्वजण जागे असतां, खिडकी उघडी ठेवून. चूल पेटती ठेवून निजावयाचें नाहीं. येथें मी त्या शेगडीकडे वळतों.

संस्कृत जाणणारांस एक मौज सांगतों. अमरकोशांत शेगडीचे जे पर्याय आहेत, त्यांत अंगारधानिका आणि हसंती यांबरोबर अंगारशकटी हाही शब्द आहे. शकटी म्हणजे लहान गाडी, म्हणजे निखाऱ्यांची गाडी. आपला शेगडी हा शब्द या शकटीपासूनच आला असें व्युत्पत्तिकार सांगतात. निखाऱ्यांना गाडींत बसविण्याची कल्पना अशी पुरातन आहे. परंतु निखाऱ्यांची गाडी निराळी आणि गाडींत निखारे निराळे. ऋतुसंहारांत शिशिराचें वर्णन आहे. त्या ऋतूंत लोक खिडक्या बंद केलेलीं घरें, अग्नि, सूर्यकिरण आणि जाड वस्त्रें यांचा आश्रय करतात, असें कवि म्हणतो. काव्य म्हणून तें रम्य आहे. पण बंद खिडक्या आणि अग्नि हीं दोन एकाच ठिकाणीं सांगितलेलीं पाहून, आजच्या पत्र्याच्या गाडीचा विचार मनांत येतो आणि अंगावर कांटा उभा राहतो. कवीच्या काळचीं मंदिरें प्रशस्त, दारांच्या फटी रुंद. अकोल्याच्या डोंगरांतील जुन्या घरांतही चूल आंतच असे. पण भिंती कारवीच्या कुडाच्या आणि छप्पर गवताचें, त्यांतून धूर वाट काढी. मोटारघर रबरी पट्ट्यांनीं हवाबंद केलेलें असतें, आणि आपण वर खिडक्यांना फेस लावून तें अधिकच बंद करतों.

कोळसा अपुऱ्या हवेंत जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साईड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, तो डोळ्यांत झोंबत नाहीं. रक्तांतील जें हीमोग्लोबिन प्राणवायु वाहून नेतें, त्याला हा वायु प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट जोरानें चिकटतो आणि सहजासहजीं सुटत नाहीं. प्रथम डोकें दुखतें, मग मळमळतें, मग गुंगी येते. प्रवासांत थकलेला मनुष्य म्हणतो, दमणूक झाली. आणि कुशीवर वळून निजतो. निजलेल्यास तर एवढीही सूचना मिळत नाहीं. ज्वाळा शांत होऊन निखारे लालबुंद झाले, धूर थांबला, म्हणजे धोका टळला असें बहुतेकांस वाटतें. खरें पाहतां धूर डोळ्यांना झोंबून सावध तरी करीत होता; वायु त्या निखाऱ्यांतूनही निघतच असतो आणि आतां सावध करणारा मात्र कोणी उरत नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत दर हिवाळ्यांत बंद खोलींत अंगीठी ठेवून निजलेलीं कुटुंबेंच्या कुटुंबें मेल्याच्या बातम्या येतात, त्या याच्याच. तीं माणसें बेफिकीर नव्हतीं. मुलांना थंडी वाजूं नये म्हणूनच त्यांनीं दार लावलें होतें.

एखादी खिडकी किलकिली ठेवली तर चालेल काय, असें दीर विचारतील. चालणार नाहीं. किती उघडी ठेविली म्हणजे पुरे, हें डोळ्यांनीं ठरविण्यासारखें नाहीं, आणि थंडी वाजूं लागली कीं ती खिडकी झोंपेंत कोणीतरी लावणारच. गॅसच्या चुलीवर खोली ऊन करणें हाही तोच मार्ग, कमी काळा एवढेंच. शिवाय एक किलो गॅस जळला म्हणजे सुमारें दीड किलो पाणी वाफ होऊन हवेंत उतरतें आणि तें गार पत्र्यावर दंव होऊन गळतें. गॅस गळूं लागला तर तो हवेपेक्षां जड असल्यामुळें खालीं, म्हणजे निजणाराच्या अंथरुणाजवळ, सांचतो. तेव्हां रात्रीं नळकांड्याची कळ बंद करण्याचें काम एका ठराविक माणसाकडे द्यावें. सर्वांकडे दिलेलें काम कोणीच करीत नाहीं, हा एकत्र कुटुंबाचा अनुभव आहे.

या वायूची चाहूल लागतांच कर्कश आवाज करणारें बॅटरीवरचें लहानसें यंत्र बाजारांत मिळतें. शेगडी नसली तरी तें गाडींत असावें, कारण शेजारच्या गाडीचा धूरही आंत येऊं शकतो. तें वाजलें, किंवा दोघांची डोकीं एकाच वेळीं दुखूं लागलीं, तर कारण शोधीत बसूं नये. सर्वांनीं प्रथम उघड्यावर यावें, आणि कोणी शुद्धीवर नसेल किंवा बरळूं लागेल तर १०८ क्रमांकास दूरध्वनि करून रुग्णवाहिका बोलवावी. वैद्यास पाहिल्यावरच शेगडीचें नांव सांगणें पुरेसें नाहीं; दूरध्वनीवरच तें सांगावें, म्हणजे येणारा मनुष्य प्राणवायूच्या तयारीनें येतो.

यजमानांच्या इंजिनाचेंही थोडक्यांत पाहूं. उभ्या गाडीचें मोठें इंजिन ताशीं अर्धा ते एक लिटर डिझेल पितें. आठ तासांत सहा लिटर म्हणूं. धूर गाडीखालून आंत येण्याची भीति, आणि आवाज तो वेगळा. तेवढ्या आवाजांत निजावयाचें तर भंडारदऱ्यास कशाला, नगरच्या बसस्थानकावर काय वाईट? ज्याला यंत्रच हवें आणि जो अशा गाडींतून वर्षांत वीस-पंचवीस रात्री काढणार आहे, त्यानें डिझेलवर चालणारा स्वतंत्र लहान हीटर बसवून घ्यावा. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. ज्वाला एका बंद धातूच्या पेटींत असते. ती जळण्याची हवा गाडीबाहेरून घेते आणि धूर नळीनें बाहेरच टाकते. खोलींतील हवा त्या पेटीच्या केवळ बाहेरून फिरून ऊन होते. ज्वालेची हवा आणि आपल्या श्वासाची हवा कोठेंही एकत्र होत नाहीं, हें यांतील सार. मंद आंचेवर तो ताशीं एक-दशांश लिटरच्या आसपास डिझेल घेतो, म्हणजे रात्रभरांत सुमारें एक लिटर; पंख्यापुरती थोडी वीज लागते, ती बॅटरीस झेपते. परंतु तो जाणत्या कारागिराकडूनच बसवावा, आणि धुराची नळी गाडीखालून नीट बाहेर काढली आहे ना, हें स्वतः वांकून पाहावें. तीन रात्रींसाठीं भाड्याच्या गाडींत याचा विचार करण्याचें कारण नाहीं. गाडींत आधींच बसविलेला असेल तर मालकाकडून चालवून पाहावा.

ओल ही थंडीची थोरली बहीण. पांच माणसांच्या श्वासानें आणि घामानें रात्रभरांत लिटरभराहून अधिक पाणी हवेंत जातें. गाडी पूर्ण बंद असली तर तें भिंतींवर जमतें, खालीं ओघळतें आणि अंथरुणाच्या कडा भिजवितें. आणि भिजलेलें अंथरूण दुसऱ्या रात्रीं दुप्पट गार लागतें. म्हणून छपरावरची झडप बोटभर आणि खालची एखादी फट उघडी ठेवावीच. थोडी ऊब जाते ती जाऊं द्यावी. ओले टॉवेल, मुलाचे ओले मोजे आंत वाळत घालूं नयेत. निजण्यापूर्वीं सर्वांनीं दिवसाचे कपडे बदलून कोरडे घालावे. दिवसभर चालून घामेजलेला सदरा कितीही जाड असला तरी रात्रीं तो गारठाच देतो. कानटोपी आणि लोंकरीचे पायमोजे सासूबाईंना आणि मुलाला. मुलाचें तोंड मात्र पांघरुणाखालीं झांकूं नये. त्याला आईजवळ निजवावें, म्हणजे निराळ्या पिशवीचा प्रश्नच राहात नाहीं. वृद्ध माणसांस थंडी वाजते हें उशिरां कळतें, हेंही ध्यानांत असावें. ‘मला कांहीं नको’ असें त्या म्हणाल्या तरी मध्यरात्रीं सूनबाईंनीं एकदां त्यांच्या हातापायांस हात लावून पाहावा.

रात्रीच्या जेवणाविषयीं नगरकडच्या घरास मीं काय सांगावें? बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, गूळ आणि तूप. भोगीला जें करतों तेंच चार दिवस आधीं केलें तर पंचांग कांहीं म्हणणार नाहीं. भाकऱ्या घरूनच करून न्याव्या. गाडींत भाजूं लागलांत तर धूर, वाफ आणि गॅस, तिन्ही वाढतील.

सकाळीं ऊन आलें कीं पूर्वेकडचे फेसाचे तुकडे काढून टाकावे, पडदा सारावा, दारें उघडावीं, आणि घोंगड्या व गाद्या तासभर उन्हांत टाकाव्या. फिरावयास जाण्याच्या घाईंत हें राहून जातें. रतनगड दुपारपर्यंत थांबेल. अंथरुणाला मिळणारें ऊन थांबणार नाहीं, कारण डोंगराआड सूर्य लौकर जातो.

निघण्यापूर्वीं आठवडाभर एक प्रयोग घरींच करावा. दीड लिटरची पिशवी ऐंशी अंश पाण्यानें भरून, खोळ घालून, रात्रीं नऊ वाजतां रिकाम्या अंथरुणांत घोंगडीखालीं ठेवावी, आणि पहांटे पांचला तिचें पाणी किती अंशांवर आहे तें पाहावें. दुसऱ्या रात्रीं तोच प्रयोग घोंगडी न घेतां साध्या चादरीखालीं करावा. दोन्ही आंकडे दिरांनीं स्वतःच्या हातानें लिहून मजकडे पाठवावे.